बाळाच्या तोंडात कोणी पाहिलं का?

(पहिल्या पिढीतल्या मराठी पदवीधरांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलवणाऱ्या मित्रांनी विचारलं, "ताई, विषय काय लिहू?" मी म्हणाले, "नवजात बाळाचं तोंड." ते क्षणभर गप्पच झाले. अशा बैठकीत आरक्षणावर बोलतात, शिष्यवृत्तीवर बोलतात, विद्यापीठातल्या भेदभावावर बोलतात. त्यात हे कुठे बसतं, असं त्यांना वाटलं असणार. कुठे बसतं ते सांगते.

मी नर्स आहे. बी.एस्सी. नर्सिंग केलं. घरातली पहिली पदवीधर. गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, नोकरी छत्तीसगडमध्ये, एका सरकारी दवाखान्याच्या नवजात शिशू कक्षात. तुमच्यापैकी कोणी हैदराबादला आहे, कोणी भोपाळला, कोणी दिल्लीला. पण गावाकडचा फोन आपल्या सगळ्यांना सारखाच येतो. "तू शिकलेली आहेस, जरा सांग ना." रेशनकार्डावर नाव चुकलं, फोन. जातपडताळणी अडकली, फोन. वहिनी बाळंत झाली आणि बाळ दूध ओढत नाही, तरी फोन आपल्यालाच. तुम्ही इंजिनियर असा, बी.ए. असा, काही फरक पडत नाही. घरात शिकलेलं माणूस एकच असतं. त्या फोनवर काय विचारायचं, एवढंच सांगायला मी आले आहे.

सुरुवात माझ्या मायपासून करते. माझ्या जन्माच्या तीन वर्षं आधी तिला एक मुलगा झाला होता. घरीच बाळंतपण झालं. बाळ दिसायला चांगलं, ओठ-नाक नीट. छातीला लावलं की तोंड उघडायचं, धडपडायचं आणि थकून झोपायचं. थोडं दूध गेलंच तर नाकातून यायचं. सहाव्या-सातव्या दिवशी उपकेंद्रातल्या बाई आल्या. त्या दारातच थांबल्या. काटा ओट्यावर ठेवला आणि "ठेवा" म्हणाल्या. आजीने बाळ ठेवलं. "उचला" म्हणाल्या. आजीने उचललं. वहीत आकडा लिहिला आणि मायला सांगितलं, "नीट पाजत जा." एकविसाव्या दिवशी बाळ गेलं.

मग घरात, शेजारात निकाल लागला. आठव्या महिन्यात ग्रहण होतं, त्या दिवशी हिने विळीवर भाजी चिरली. कोणी म्हणे सटवाईने लिहिलंच तेवढं होतं. माय मजुरीला जायची, ग्रहण आहे म्हणून चूल बंद ठेवणं तिला परवडणारं नव्हतं. पण तो ठपका तिने बावीस-तेवीस वर्षं वागवला. नर्सिंगच्या वर्गात मॅडमनी फळ्यावर तोंडाच्या आतलं चित्र काढलं, तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या त्या भावाची आठवण आली. त्याला नक्की काय होतं, हे मी आज छातीठोक सांगू शकत नाही. कारण त्याच्या तोंडात कोणी पाहिलंच नव्हतं.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये एक पत्र दिलं आहे. काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं ते पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावच्या प्रतिष्ठितांनी शब्द टाकला, दोन रुपये फी ठरली, तेव्हा तो आला. पण अट अशी की बाईला वस्तीबाहेर आणायचं. तान्हं बाळ आणि आजारी बाळंतीण बाहेर आणली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला. त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात डॉक्टरने थर्मामीटर वाचला आणि न्यूमोनिया आहे म्हणून सांगितलं. पुढे बाई गेली. तिच्या छातीला हात लावून कोणी तपासलं नव्हतं.

अस्पृश्यतेबद्दल बोलताना आपण पाणवठा बोलतो, देऊळ बोलतो. वैद्यकीय तपासणी म्हणजे मुळात स्पर्शच, हे आपण कमी बोलतो. आणि नवजात बाळाची तपासणी तर सगळ्यात जास्त. त्याला सांगता येत नाही कुठे दुखतं. त्याच्या तोंडात उजेड पाडावा लागतो, जीभ दाबावी लागते, बोट घालावं लागतं. ज्याला हात लावायचा नाही त्याचं निदान होत नाही.

आता शरीराचं बोलू.

आपल्याकडे एक शब्दाची अडचण आहे. वॉर्डात एखादी मराठी आई असली आणि मी म्हणाले, "बाळाची टाळू दुभंगलेली आहे," की तिचा हात बाळाच्या डोक्यावर जातो. कारण तेल घालतो ती डोक्यावरची मऊ जागाही टाळूच. म्हणून मी म्हणते, तोंडाचं छत. जीभ वर लावा, लागतं ते. पुढे कडक, मागे मऊ, आणि शेवटी लोंबते ती पडजीभ. या छतावर नाक आणि खाली तोंड.

बाळ दूध ओढतं म्हणजे काय करतं? ओठांनी पुढून तोंड बंद करतं, छत वरून आणि मागून बंद करतं, आणि जीभ खाली ओढून आत पोकळी करतं. आपण नळीने उसाचा रस ओढतो तसंच. नळीला भोक असेल तर रस वर येत नाही, कितीही जोर लावा. छतात फट असेल तर बाळाचं तेच होतं. ते तोंड हलवतं, मेहनत करतं, पण दूध येत नाही. आलेलं दूध फटीतून नाकात जातं. हवा गिळली जाते, पोट फुगतं, उलटी होते. दूध पिण्यात जेवढी शक्ती जाते तेवढी दुधातून मिळत नाही. बाळ थकून झोपतं आणि घरचे म्हणतात, "किती शांत आहे!" फार शांत बाळ हे नेहमी चांगलं लक्षण नसतं.

ओठ किंवा टाळू दुभंगलेली असणं दुर्मिळ नाही. जगभर साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाला हे असतं. ओठ फाटलेला असेल तर जन्मल्याबरोबर दिसतो, घरात रडारड होते, पण निदान कळतं तरी. नुसता ओठच दुभंगलेला असेल तर पुष्कळ बाळं अंगावर पिऊ शकतात; आईने स्तन किंवा अंगठा त्या फटीवर बसेल असं धरलं की जमतं. धोका त्या बाळांना जास्त, ज्यांचा ओठ अखंड आहे आणि छत आतून दुभंगलेलं आहे. चेहरा सुंदर म्हणून कोणी आत पाहत नाही. नुसतं बोट फिरवूनही मागची मऊ भागातली फट निसटते. म्हणून ब्रिटनमध्ये २०१४ साली बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने सांगितलं की बोट पुरेसं नाही. बॅटरीच्या उजेडात, जीभ दाबून, पडजिभेपर्यंत डोळ्यांनी पाहा. तिथेही हे निसटत होतं. पाहायला लागतं काय? एक बॅटरी, एक जीभ दाबायची पट्टी आणि एक मिनिट.

काही वेळा छतावरची कातडी जुळलेली असते आणि आतला स्नायू जुळलेला नसतो. तेव्हा पडजीभ दोन टोकांची दिसते, मध्ये निळसर रेघ दिसते. काही बाळांना यानेही पिण्याचा त्रास होतो. काहींचं मोठेपणी बोलणं गेंगाणं येतं तेव्हाच कळतं.

दुसरी गोष्ट, हनुवटी. बाळाला बाजूने पाहा. खालचा जबडा फारच लहान, मागे गेलेला असेल, तर जीभ मागे पडून घशात श्वास अडतो. उताणं झोपवलं की घरघर, छाती आत ओढली जाते, पिताना गुदमरतं. अशा पुष्कळ बाळांची टाळूही दुभंगलेली असते. १९२३ साली पिअर रॉबिन या फ्रेंच डॉक्टरने यावर लिहिलं, म्हणून पुस्तकात त्याचं नाव आहे. या बाळाला कुशीवर ठेवायचं की पालथं, हे दवाखान्यात ठरतं. घरी आपल्या मनाने पालथं झोपवू नका.

तिसरी गोष्ट, नाक. नवजात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाकाच्या मागच्या वाटा दोन्हीकडून बंद असतील तर बाळ रडताना ठीक दिसतं, कारण तोंड उघडं असतं. छातीला लावलं, तोंड मिटलं, की निळं पडतं. पुस्तकात लिहितात, गुलाबी बाळ निळं होतं. आपली बाळं सावळी. कातडीवरून फसू नका. जीभ आणि हिरड्या पाहा. त्या निळसर झाल्या तर घरी थांबायचं नाही, त्याच क्षणी निघायचं.

आता एक कबुली. माझी नोकरी नवीन होती तेव्हाची. प्रसूती वॉर्डात ड्युटी, एका पाळीत चाळीसच्या वर बाळंतिणी, आम्ही दोघी. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ असते, 'जन्मजात दोष'. पुढे 'नाही' लिहायचं. मी भराभर 'नाही' लिहीत गेले. नवव्या दिवशी त्यातली एक मुलगी परत आली. आई-बाप वीटभट्टीवर कामाला. जन्माचं वजन दोन किलो सातशे, आता दोन किलो दोनशे. डोळे खोल गेलेले, लघवी जवळजवळ बंद. सोबत बाळाचा मामा होता, बी.ए. शेवटच्या वर्षाचा. त्याला दोन ठिकाणी सांगितलं होतं, "गॅस आहे, आईला पाजता येत नाही." त्याने वाद घातला नाही. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ समोर धरला: बाळ पितंय आणि दोन्ही नाकपुड्यांतून दूध येतंय. मग म्हणाला, "सिस्टर, तोंडात एकदा उजेड पाडून बघता का?" कुठून सुचलं विचारलं, तर म्हणाला, रडताना आत काळं भोक दिसलं होतं.

मी पाहिलं. कडक छताच्या अर्ध्यापासून पडजिभेपर्यंत फट होती. कार्ड हातात घेतलं. 'जन्मजात दोष: नाही'. खाली सही माझी.

मी आपल्याच माणसांतली. दारातून वजन करणाऱ्या त्या बाईंचा मला राग आहे. आणि मी त्या मुलीला दोन्ही हातांनी उचलूनसुद्धा पाहिलं नव्हतं. कामाचा बोजा होता, खरं आहे. पण त्याच दिवशी एका ओळखीतल्या अधिकाऱ्याच्या नातवाला मी डोक्यापासून पायापर्यंत तपासलं होतं, हेही खरं आहे. घाईत आपण कोणाच्या बाळावरून पुढे सरकतो, हे आपल्या नकळत ठरलेलं असतं. जात अशीही काम करते, आपल्या हातातूनसुद्धा. तेव्हापासून माझ्या खिशात बॅटरी असते.

ती मुलगी वाचली. आईचं दूध पिळून काढलं आणि बोंडल्याने पाजायला शिकवलं. पाच दिवसांत वजन वर सरकायला लागलं. वर्षाची झाल्यावर टाळूचं ऑपरेशन झालं.

म्हणून फोन आला की हे विचारा. लिहून घ्या.

दूध नाकातून येतं का? ओढताना चुकचुक आवाज येतो आणि गिळण्याचा येत नाही, असं होतं का? दर वेळी अर्ध्या तासाच्या वर लागून बाळ थकतं का? पिताना ठसका, घरघर, निळेपणा? पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी ओले लंगोट होतात का? वजन किती? पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, जास्तीत जास्त दहा टक्के. दोन आठवड्यांत ते जन्माच्या आकड्यावर आलं पाहिजे, पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढलं पाहिजे. आणि शेवटचा प्रश्न: बाळाच्या तोंडात कोणी उजेड पाडून पाहिलं का? घरी कोणी बोटं घालू नका. बाळ रडतं तेव्हा आत जेवढं दिसतं तेवढं पाहा, आणि नर्सला, डॉक्टरला सांगा, पडजिभेपर्यंत पाहा.

फट निघाली तर घाबरायचं नाही, भरवायची पद्धत बदलायची. दूध आईचंच, पिळून काढलेलं. वाटी-चमचा, बोंडलं किंवा दाबता येणारी मऊ बाटली. जे वापराल ते उकळून घेतलेलं. बाळाला उभट धरायचं, आडवं नाही. थोडं थोडं, मध्ये थांबून ढेकर काढायची. पद्धत दवाखान्यातून शिकून घ्यायची. नाकातून थोडं दूध आलं तर पुसायचं, पाजणं सोडायचं नाही. पण ठसका, निळेपणा आला तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. मध, घुटी, साखरपाणी काही नाही. वजन दर आठवड्याला. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळूचं नऊ ते अठरा महिन्यांत होतं. त्यासाठी बाळाचं वजन आणि रक्त चांगलं लागतं. म्हणजे पहिल्या महिन्यातला चमचा हाच ऑपरेशनचा पाया. पुढे कान तपासावे लागतात, कारण या मुलांच्या कानात पाणी साचून ऐकू कमी येतं. बोलण्याची थेरपी लागते. नाहीतर ऐकू न येणारं, गेंगाणं बोलणारं मूल शाळेत 'ढ' ठरतं. आपल्यातल्या किती जणांना न तपासताच 'ढ' ठरवलं होतं, ते मी सांगायला नको.

पैशाचं काय? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरहून. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत, ठरावीक आजारांसाठी. त्यात दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे. तपासणी मोफत, पुढचे उपचार, ऑपरेशनही मोफत. बऱ्याच जिल्ह्यांत डीईआयसी नावाचं केंद्र असतं, तिथे पाठवायला सांगा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ती आली का, आत आली का, बाळ हातात घेतलं का, हे विचारा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला वर्षापर्यंत सरकारी दवाखान्यात उपचार आणि गाडी मोफत आहे. हा हक्क आहे, कोणाचे उपकार नाहीत.

राहिलं ग्रहण. साधा हिशेब सांगते. गर्भाचा ओठ सातव्या आठवड्याच्या आसपास जुळतो. टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत जुळून होते. माझ्या मायने भाजी चिरली आठव्या महिन्यात. जे छत पाच महिन्यांपूर्वीच जुळायचं किंवा न जुळायचं राहिलं, ते विळीने कसं कापलं जाईल? कारणं वेगळी आहेत: काही आनुवंशिक, काही तंबाखू-धूर, काही फिटच्या औषधांसारखी औषधं, मधुमेह, आहारातली फोलिक ॲसिडची कमतरता. बऱ्याचदा एक असं कारण सापडतच नाही. पण पाप सापडत नाही, हे नक्की. 'जन्मतःच असा आला म्हणजे मागचं काही असणार', हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. आपल्या जन्माबद्दलही हेच सांगितलं गेलं. ज्यांनी ते स्वतःबद्दल नाकारलं, त्यांनी बाळाबद्दल आणि त्याच्या आईबद्दल मान्य करू नये.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात असं आलं. म्हणजे दहापैकी जवळजवळ नऊ बाळं कोणत्या ना कोणत्या नर्सच्या, डॉक्टरच्या हातातून जातात. तरी फट निसटली तर दोष आईच्या पाजण्याचा नाही. ज्या हातातून ते बाळ गेलं त्या हाताचा आहे. माझ्यासकट.

ते चित्र फळ्यावर पाहिलं त्या सुट्टीत मी घरी गेले. मायला जीभ वर लावायला सांगितली, छत समजावलं, आठवड्यांचा हिशेब बोटांवर करून दाखवला. तिने सगळं ऐकलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मंग चमच्यानं जगला असता का व तो?"

मी म्हणाले, "जगला असता कदाचित."

ती उठली आणि चुलीकडे गेली. ठपका गेला, पण दुःख नव्याने आलं. मला वाटलं, सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या घरी बाळंतीण होती. माय मला हाताला धरून तिकडे घेऊन गेली. दारातून नाही, आत. म्हणाली, "याच्या तोंडात पाय बरं एकदा."

तुमच्या घरून फोन येईल, तेव्हा तुम्हीही हेच म्हणा.

जय भीम. जय सावित्री.